आवडाक्काचं पुढं काय झालं

निरवांगी
९ जून २०२४

चिंतामणराव, रामराम.

दीपकच्या हाती तिन्ही पुस्तकं परत पाठवलीत. पोरगं आता रोज बारामतीला कंपनीत जातंय, त्यामुळं आपला टपालखर्च वाचला. तू फोन कर म्हणतोस, पण फोन कानाला लावला की मला काय बोलायचं तेच सुचत न्हाय. पत्र मी बोलतो तसंच लिहिणार. शाळेत एका बाकावर बसून माझं शुद्धलेखन तपासलंस तेवढं बास झालं.

आता तुझ्या वहिनीचा निकाल. तांबड्या पुठ्ठ्याची बरी हाय म्हणली. गिरणीवाल्याची बी बरी हाय. तिसरी कशी वाटली इचारलं, तर ती बी बरी हाय. चिंतामण, हिला कधी तीन कादंबऱ्या सारख्याच बऱ्या वाटल्यात का? मागं त्या दोन सवतींच्या कादंबरीवरनं हिनं मला दोन दिवस जेवायला नीट वाढलं नव्हतं, जणू मीच लिहिलीय.

आज उगाच जुनं आठवलं. लग्नाच्या वर्षी दुपारी मी सोप्यात पडून तुझ्याकडनं आणलेलं पुस्तक मनाशी वाचत हुतो. ही शेंगा फोडत हुती. म्हणली, "एकटंच काय खाताय? मोठ्यानं वाचा की." हिला सही बी येत नव्हती. तवापासनं दुपारचं जेवण झालं की मी वाचायचं आन् हिनं हातातलं काम करत ऐकायचं. डोंगर, आभाळ, चांदणं आलं की म्हणायची, "सूर्य उगवला का मावळला तेवढं सांगा आन् माणसांकडं चला." मधीच थांबवायची. "काल तर ही बाई म्हणली माहेरला जाणार न्हाय, आन् आज गाडीत बसली?" मी मागची पानं काढून बघायचो, तर हिचंच बरोबर असायचं.

आता थांबवत न्हाय. गप बसती, माझ्या तोंडाकडं बघती, मान हालवती. मला वाटतं हिला पुस्तकांचा कंटाळा आला. काय तरी दुसऱ्या चवीचं दे.

तुझा
जोतीराम


बारामती
१४ जून २०२४

प्रिय जोतीराम,

पत्र वाचून मला राग आला, तो आधी लिहून टाकतो. कादंबरीचा कंटाळा वहिनींना येणं शक्य नाही. तुझ्या घरात तो टीव्ही संध्याकाळभर चालतो, त्याने चव बिघडवली असणार. बंद कर तो.

आमची सौ. विनया म्हणते, दोष तुझ्या वाचण्याचा असेल. वयानुसार आवाज घोगरा झालाय. मी स्वतः तोंड मिटून वाचणारा माणूस. हात धुऊन, खुर्ची खिडकीकडे पाठ करून, पानाचा कोपरा न दुमडता. कादंबरी अशी भर दुपारी शेंगांच्या टरफलांत बसून मोठ्याने वाचायची असते हे मला कधी पटलं नाही. पण खरं सांगतो, वहिनींची मतं कळल्याशिवाय मला माझी वाचलेली पुस्तकं वाचून झाल्यासारखी वाटत नाहीत. त्यांना नावं लक्षात राहत नाहीत, 'दुसरं लगीन मोडलं ती' असं त्या पुस्तक मागतात. निवृत्त मराठी शिक्षक असूनही माझ्या कपाटात आता त्याच नावांच्या चिठ्ठ्या आहेत.

म्हणून जी कुणाला देत नाही ती देतो आहे. खानावळ चालवणाऱ्या आवडाक्काची. फार जाड आहे. भावाने घराबाहेर काढलेली बाई स्टँडमागे माडीवर खानावळ टाकते, पुढचं सांगत नाही. ही मी दर दिवाळीच्या सुट्टीत वाचतो, आणि शेवटाकडे आलो की विनया मला हाक मारत नाही. वहिनी हिच्याशी भांडल्या नाहीत तर मी पुस्तकं देणं बंद करीन.

तुझा
चिंतामण


निरवांगी
२१ जुलै २०२४

चिंतामणराव,

वाईट लिहितोय. बसून वाच.

आवडाक्का चालू केली. लई भारी पुस्तक हाय. तिचं ल्हान पोरगं तापानं जातं ते पान आलं. माझं तोंड तुला ठावं हाय. रडाय आलं की मी हसल्यागत दिसतो. आपले मास्तर गेले तवा सगळ्या वर्गात मलाच तू चिमटा काढला हुतास, हसतो कशाला म्हणून. तसंच झालं. मला वाचवना, तोंड वाकडं झालं, आन् समोर ही हसाय लागली. चांगली खळखळून हसली, माझ्या मांडीवर चापट मारून.

मी म्हणलं, "प्रयाग, पोरगं गेलं तिचं." ही हसतच मान हालवती. मी पुस्तक खाली ठेवलं. पाठमोरा झालो आन् म्हणलं, "घराला आग लागली." ही शेंगा फोडत बसली.

मग सगळं निघालं. सक्रांतीपासनं हिला ऐकू येत न्हाय. त्याच्या आधी बी कमीच हुतं. जेवा, चहा, दीपक आला, एवढं तोंडाकडं बघून कळतं, त्यामुळं घरात कुणाला पत्ता लागला न्हाय. कादंबरी काय तोंडाकडं बघून कळती का? मी हसलो की हसायचं, मी थांबलो की 'पुढं' म्हणायचं. तांबड्या पुठ्ठ्याची, गिरणीवाल्याची, सगळ्या तशाच गेल्या.

मी रागावलो. म्हणलं सांगितलं का न्हाईस? म्हणली, "सांगितलं असतं तर तुमी वाचायचं सोडलं असतं. तुमी मनाशी वाचाय लागला की तुमी हितं नसता. कुठं जाता कुणास ठावं. मला तुमी हितं पायजे हुता."

कानाच्या डॉक्टरला दाखवलं. शीर सुकली म्हणला. मशीन लावून बघितलं, तर भांडी आदळल्यागत आवाज येतोय, माणसाचं बोलणं येत न्हाय. बारामतीला तुझ्या दारावरनं गेलो, पण ही नको म्हणली, म्हणून आत आलो न्हाय. रिक्षात बसून हिनं एकच इचारलं, "त्या आवडाक्काचं पोरगं खरंच गेलं का?"

जोतीराम


बारामती
२४ जुलै २०२४

प्रिय जोतीराम,

दारावरून गेलास याचं मला वाईट वाटलं. विनयालाही वाटलं.

आता ऐक. शीर सुकली म्हणजे सगळंच संपलं असं नसतं. माझ्या मामांना उजव्या बाजूने मोठ्याने बोललेलं शेवटपर्यंत कळायचं. तू पुस्तक सोडू नकोस. तिच्या उजव्या कानाशी बस, सावकाश वाच, आणि घसा फोडून वाच. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारतोस तसा. लाज धरू नकोस. ज्या बाईने इतकी वर्षं तुझं ऐकलं, तिला आवडाक्काच्या मुलाच्या मरणाशी एकटीला सोडायचं? ते पान पुन्हा वाच. मी शिक्षक होतो, मला माहीत आहे, मोठ्या आवाजाने पुष्कळ गोष्टी डोक्यात शिरतात.

तुझा
चिंतामण


निरवांगी
१ सप्टेंबर २०२४

चिंतामणराव, रामराम.

तुझं औषध चालू केलं आन् गावात नवलच झालं.

मी सोप्यात बसून आवडाक्का वरडून वाचाय लागलो. पयल्या दिवशी शेजारचा म्हस्कू पळत आला, त्याला वाटलं भांडण लागलं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको भिंतीवर हात ठेवून उभी राहिली. आता दुपारी आळीतल्या बायका कामं घिऊन येत्यात. कुणी लसूण सोलतंय, कुणी गोधडी शिवतंय. आवडाक्का गिऱ्हाइकाला पयल्यांदा उधार न्हाय म्हणती, तितं तर छकुलीची आजी उठून उभी राहिली, बरं केलंस बाई म्हणून. नवराबायकोचं खाजगी बोलणं आलं की मी बारीक आवाजात घ्यायला बघतो, तर मागनं बायका म्हणत्यात, "दादा, आता का हळू?"

ही मधी बसती, माझ्या उजव्या अंगाला. सगळ्यांना चहा देती. किती कळतं इचारलं तर म्हणती, कळतं की. पोरगं गेल्याचं पान पुन्हा वाचलं तवा समद्या बायकांनी पदर डोळ्याला लावला, हिनं बी लावला. माझा घसा बसलाय, गरम पाणी पितोय. पण आपल्या सोप्यात एवढी माणसं गोष्टीला बसलेली मी जन्मात बघितली न्हाईत.

तुझा उपकार हाय.

जोतीराम


बारामती
५ सप्टेंबर २०२४

प्रिय जोतीराम,

पत्र विनयाला दोनदा वाचून दाखवलं, तेही मोठ्याने. तुझी लागण झाली म्हणते.

आमच्या वाचक मंडळात पत्र वाचलं. मंडळ दर वर्षी एका उत्तम वाचकाचा सत्कार करतं. यंदा एकमताने प्रयागवहिनींचं नाव ठरलं. अक्षरओळख नसताना आयुष्यभर कादंबरी ऐकणारी आणि अख्ख्या आळीला ऐकायला बसवणारी बाई दुसरी कोण आहे? आम्ही पाच-सहा जण रविवारी दुपारी येतो. जेवणाचं काही करू नकोस. शाल-श्रीफळ आम्ही आणतो आहोत. वाचन मात्र आमच्यासमोर झालं पाहिजे.

तुझा
चिंतामण


निरवांगी
२ ऑक्टोबर २०२४

चिंतामण,

सत्कार झाला त्याला बरेच दिवस झाले. तुझी दोन पत्रं आली. मी उत्तर दिलं न्हाय, आज देतोय.

तू उभा राहून चांगलं बोललास. ऐकणं ही कला हाय म्हणलास, प्रयागवहिनींच्या कानांनी आमच्या डोळ्यांना शिकवलं म्हणलास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिनं टाळ्या बघितल्या आन् हात जोडले. तू पाया पडू नका म्हणत मागं सरकलास, तिला कळलं न्हाय, ती वाकलीच. तुमची गाडी गेल्यावर हिनं मला इचारलं, "भाऊजी काय म्हणत हुते?"

मी काय सांगू? मी हातानं कानाकडं दावलं आन् मग लई भारी म्हणून अंगठा वर केला.

तिनं माझा अंगठा बघितला. मग म्हणली, "मी काय ऐकलं, ते तरी इचारायचं हुतं कुणी." शाल घडी घालून पेटीत टाकली.

हिला त्या वरडण्यातलं काय बी ऐकू येत नव्हतं. छातीला हादरे बसत हुते म्हणली, चक्कीजवळ बसल्यावर बसत्यात तसं. बायका हसल्या की हसायची, त्यांनी पदर लावला की पदर लावायचा. आधी एकट्या माझ्याकडं बघावं लागत हुतं, आता पंधरा जणींकडं बघावं लागत हुतं. आन् मला खरंच काय दिसलं न्हाय. मला माणसं बसल्याचा आनंद झाला हुता. तुझ्यावर एकट्यावर ढकलत न्हाय.

सत्कारानंतरच्या दिवशी ही दळणाला गेली. तितं बायकांनी हिला इचारलं, "काकी, आवडाक्का भावाला घरात घेईल का हो?" हिला नाव आन् 'घरात घे' एवढंच तोंडावरनं कळलं. ही म्हणली, "व्हय, घेतलं की." बायका म्हणल्या, न्हाय काकी, त्यो अजून जिन्यातच हाय. हसल्या. मनात पाप नव्हतं त्यांच्या. पण सगळ्या गावाला आवडाक्का ठावी झाली आन् जिच्यासाठी मी घसा फोडला तिला एकटीला न्हाय.

आता सोप्यात वाचन बंद हाय. बायका दोन दिवस येऊन गेल्या. भाऊ जिना चढतोय तितंच खूण घातलेली हाय. पुढचं मी बी वाचलं न्हाय. हिला सोडून मला पुढं जाववत न्हाय.

जोतीराम


बारामती
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय जोतीराम,

वहिनी वाकल्या तेव्हा मला वाटलं, माझ्या बोलण्याने भारावल्या. इतका मी शहाणा.

पण वाचन बंद करून त्यांना काय मिळणार? कान गेले, डोळे तर चांगले आहेत. सोबत माझ्या नातीची, इराची अंकलिपी पाठवतो आहे. इरा आता तिसरीत आहे, तिला नको आहे. अर्धं आयुष्य मुलांना अक्षरं शिकवण्यात गेलं माझं. मोठं माणूस मनावर घेईल तर दिवाळी ते होळीत वाचू लागतं. तू शिकव. रागावू नकोस, हात धरून गिरवून घे. जिन्यातल्या भावाला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वर चढताना बघू दे.

विनयाने शेव दिली आहे.

चिंतामण


निरवांगी
१६ मार्च २०२५

चिंतामणराव, रामराम.

आज गोड बातमी हाय. आधी लिहिलं न्हाय, म्हणलं दृष्ट लागायची.

ही वाचाय लागली. दिवाळीपासनं रोज दुपारी अंकलिपी घिऊन बसायचो. हात लई ताठ, सुरुवातीला 'क' गिरवताना पाटी फुटंल असं वाटायचं. पण जिद्दीची हाय. सक्रांतीला स्वतःचं नाव लिहिलं, मग एसटीवरची पाटी वाचली, मग पिठाच्या पिशवीवरचं. मग मी आवडाक्का हातात दिली, पयल्या पानापासनं. पयले काय दिवस बोट ठेवून ओठ हालवायची. आता ओठ बी हालत न्हाईत. शिकल्याली माणसं वाचत्यात तशी मनाशी वाचती. दुपारभर बसती. पान उलटती. निम्म्याच्या पुढं कवाच गेली.

मी समोर बसतो. कुठं आलीस म्हणून खुणेनं इचारलं तर पान दावती. जितं पोरगं जातं तितं आली तवा मी तिच्या तोंडाकडं बघत हुतो, तर तिनं पदर लावला. तवा मला वाटलं, जिंकलो आपण.

एक खरं सांगतो. मला करमत न्हाय. दुपारी घर गप असतं. मी पुस्तक उघडलं तरी आवाज काढायची सवय, आन् आवाज काढावा तर कुणासाठी? पण हे माझं झालं. तिला तिचं मिळालं, तेवढं बास.

आवडाक्का संपत आली. पुढची दोन-तीन लावून दे. गिरणीवाल्याची पुन्हा दे, ती तिच्या कानावरनं गेलीच न्हाय.

तुझा
जोतीराम


निरवांगी
२३ मार्च

भाऊजीस प्रयागचा नमस्कार.

हे मीच लिहिलं हाय. दीपकच्या पिशवीत गुपचूप टाकलं हाय. यांना सांगू नका.

पुस्तकं पाठवू नका.

मला अक्षरं लागत्यात. बोर्ड वाचते. पुस्तकातली वळ बी वाचते. पर गोष्ट लागत न्हाय. एक वळ जुळवस्तवर मागली इसरती. आन् जुळली तरी त्यातली माणसं बोलत न्हाईत. सगळी मुकी हायत. आवडाक्का यांच्या आवाजात असती तर कळली असती. यांचा आवाज आता मला आठवत बी न्हाय. लई आठवून बघते.

मी पान उलटते. किती वेळानं उलटायचं ते यांच्याकडनंच शिकले. मास्तर समोर बसल्यागत हे बसत्यात. रडायचं पान कुठलं ते ठावं हुतं, तितं पदर लावला. यांना लई आनंद झाला.

आदी ऐकल्याचं सोंग केलं. आता वाचल्याचं करते. पुस्तक आलं न्हाय तर दोघं सुटू. भाऊजींकडं पुस्तकं संपली, आसं यांना कळवा.

आवडाक्कानं दार उघडलं का न्हाय, ते मला लिहू नका. लिहिलं तर वाचता येईल मला. पर मला ते यांच्या तोंडनं ऐकायचं हुतं.

इनयाबाईंना नमस्कार. शेव चांगली हुती.

प्रयाग